किटलीला नाव ठेवायचं नाही

मी विजेची किटली आहे. पाणी उकळणं एवढं एकच काम मला येतं आणि ते मी चोख करते. तरीही माझ्याजवळ येणाऱ्याने जपून यावं, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको, की किटली गप्प बसली.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. पत्र्याची एक लांबलचक शेड होती, पंखे घरघरत होते आणि बाया ओळीने बसून आम्हाला जोडत होत्या. कोणी माझं स्टीलचं अंग बसवलं, कोणी बुडाखालची तापणारी चकती, कोणी झाकण. झाकणाच्या कडेने एक निळी रेघ होती, तोच काय तो दागिना. मग माझ्या पोटात तीन तारा आल्या. त्यातल्या दोन वीज आणतात आणि नेतात. तिसरी हिरवी-पिवळी, तिचं काम वेगळं. कधी चुकून वीज माझ्या अंगावर उतरलीच, तर ती माणसाच्या हातात जाऊ न देता जमिनीत नेऊन सोडायची.

ती तार स्क्रूने आवळायची असते. आमच्या वेळी स्क्रूंचा डबा संपला होता. दुसरा येईपर्यंत काम थांबवायचं की नाही, यावरून कोणीतरी कोणावर तरी ओरडलं, आणि काम काही थांबलं नाही. माझी हिरवी-पिवळी तार तशीच मोकळी राहिली. माझ्या मागून आलेल्या बहिणींचीही राहिली. वरून बूड बसलं, खोकं चिकटवलं गेलं आणि अंधार झाला.

उजेड दिसला तो हडपसरला, चंदनवेल सोसायटीत, नंदाताईंच्या ओट्यावर. त्यांनी मला पुसलं, देवापुढे नेलं आणि माझ्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं लावली. घरात नवी वस्तू आली की त्या असंच करतात. "सगळ्यांना नीट गरम पाणी दे गं बाई," असंही म्हणाल्या. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच बोलले असते.

त्यांचे यजमान श्रीनिवासराव दारातून बघत होते. त्यांना खोकला असतो, सकाळी काढा लागतो, म्हणून तर मी आले होते. ते म्हणाले, "घरात गॅस आहे, पातेलं आहे, पण बाईसाहेबांना डील मिळाली. आता तहान लागली नाही तरी पाणी उकळावं लागणार."

"अहो, निम्म्या किमतीत आली."

"न घेतली असती तर फुकटातच पडली असती."

डील हा शब्द मी तिथेच शिकले. सोसायटीतल्या बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्याचं नाव 'चंदनवेल बचत'. पहिल्या मजल्यावरची नम्रता त्याची ॲडमिन. ती आयटीत आहे, घरून काम करते, आणि मधल्या वेळात कुठे काय स्वस्त झालंय ते शोधून ग्रुपवर टाकते. तिच्यामुळे किती घरांत कुकर आले, चादरी आल्या, गौरीची आरास आली. माझ्यासारख्या किटल्याही तिनेच शोधल्या आणि बऱ्याच घरी माझ्या बहिणी गेल्या.

तुम्ही म्हणाल, किटलीला हे सगळं कसं कळतं? नंदाताई कणीक मळताना, भाजी निवडताना मोबाइल माझ्याच अंगाला टेकवून उभा करतात. व्हॉइस मेसेज मोठ्याने लावतात, लिहिलेलं पुटपुटत वाचतात. त्यामुळे पाण्याइतकाच मी तो ग्रुपही प्यायलेय.

त्या ग्रुपचे रीतिरिवाज आमच्या देवघरातल्या सोवळ्यापेक्षा कडक. डील टाकणारीला आधी धन्यवाद द्यायचे, मगच मागवायचं. 'अजून चालू आहे का' असं विचारत बसायचं नाही. टाकणारीचं नाव पुसून डील बाहेर पाठवायची नाही, कारण बाहेरचे आधी मागवतात आणि आपल्यांसाठी माल उरत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डीलला नाव ठेवायचं नाही. बिचारीने चांगल्या मनाने टाकलेली असते, तिचा हिरमोड करायचा नाही. ऐकायला किती गोड वाटतं, नाही का? मलाही वाटलं होतं.

मग एके दुपारी चादरींवरून भांडण झालं. नम्रताचा आवाज माझ्या अंगावर थरथरत होता. "रुपाली, मी टाकलेली डील तुझ्या भिशीच्या ग्रुपवर फिरतेय, माझं नाव काढून. आपल्या इथल्या काकू झोपून उठेपर्यंत स्टॉक संपलाय. धिस इज नॉट डन."

रुपाली म्हणजे वरच्या मजल्यावरची. तिचंही उत्तर आलं. "चादरी तुझ्या माहेरून आल्या होत्या का, की तुझं नाव लावून वाटायच्या?"

बायका तुटून पडल्या. नंदाताईंनीही एक ओळ लिहिली, हळू आवाजात वाचत वाचत: 'नम्रता म्हणते ते बरोबर आहे. कष्ट तिचे असतात.' एवढंच. संध्याकाळपर्यंत रुपालीला ग्रुपमधून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ती नंदाताईंना भेटली तेव्हा सबंध वेळ खाली बघत उभी होती. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि कितीतरी वेळ एकच वाटी पुसत राहिल्या.

आषाढी एकादशीला त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. देवापुढे सुपारी ठेवून म्हणाल्या, "चार महिने घरात पायात काही घालणार नाही. आणि नावं ठेवणार नाही. माणसाला नाही, अन्नाला नाही, वस्तूला नाही."

"मलाही नाही?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"तुम्हालाही नाही."

"मग मोडला म्हणून समज."

त्या हसल्या. मी त्यांना असं हसताना बघितलं आणि मला फार भीती वाटली. कारण ओट्यापुढची फरशी पावसाळ्यात कधी पुरती वाळत नाही, माझ्या बुडात ओल शिरायला लागली होती, आणि त्यांचे पाय आता उघडे होते.

श्रावणातल्या एका सकाळी ते झालं. त्यांनी ओल्या हाताने माझं झाकण उघडायला बोट लावलं आणि मुंग्या त्यांच्या कोपरापर्यंत चढल्या. हात मागे घेऊन त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नुसती सूं सूं करत होते. मला तेवढंच येतं. त्यांना वाटलं, उपासाने झालं असेल. पुन्हा एकदा झालं, मग पुन्हा. तेव्हा त्यांनी मला धरायला एक जाडं फडकं शिवलं. बोलल्या मात्र काही नाहीत. वस्तूला नाव ठेवायचं नव्हतं ना.

बाकीच्या घरांत कोणाला काही जाणवत नव्हतं, याचं कारण साधं होतं. आजकाल सगळ्याजणी स्वयंपाकघरात रबरी चपला घालून वावरतात. रबरातून वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून अंगातूनही जात नाही. सोसायटीत अनवाणी होत्या त्या नंदाताईच. माझ्या पोटातली गोष्ट कळलेली तेवढी एकच बाई, आणि तिनेच तोंडाला कुलूप लावलेलं.

समोरच्या फ्लॅटमधली शालू एकदा विरजण मागायला आली. शालू मूळची यवतमाळची, बोलघेवडी आणि प्रेमळ. नंदाताईंनी मोघम विचारलं, "तुझी किटली बरी आहे नं गं? म्हणजे हाताला काही लागत नाही ना?"

शालूने चपलांसकट आत येऊन माझ्या पोटावर तळहात ठेवला. "कुठे काय? ताई, तुम्ही सोमवार धरता, शनिवार धरता, वर एकादशी. जरा कमी करा उपास. अंगातच वीज साठली असेल तुमच्या." मग आवाज उतरवून म्हणाली, "एक सांगू? कोणाला बोलू नका. मी हिची लिंक सोनूला पाठवली होती. नम्रताचं नाव काढून. तिनेही मागवली."

सोनू म्हणजे शालूच्या बहिणीची मुलगी. शिकायला पुण्यात आलेली, विश्रांतवाडीला पेइंग गेस्ट म्हणून राहते. एका खोलीत चौघी. खोलीतच मोरी आणि मोरीशेजारीच प्लग, तिथेच त्या मॅगी उकळतात. हे शालूनेच कौतुकाने सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला, स्टीलच्या अंगावर काटा येत असेल तर.

नंदाताईंनी विरजणाची वाटी ओट्यावर ठेवली. "शालू, तिला सांग, पायात चप्पल घालून वापर म्हणावं. माझ्यासाठी सांग."

"सांगते, सांगते. पण तुम्ही ग्रुपवर काही बोलू नका हं. बाहेर पाठवल्याचं कळलं तर माझंही रुपालीसारखं करतील. इथे माझं आहे कोण दुसरं?"

त्या दिवसापासून मी उकळायला लागले की नंदाताईंचे ओठ हलायचे. मला आधी वाटायचं, त्या जप करतायत. नंतर कळलं, त्या मनातल्या मनात एक मेसेज जुळवत होत्या आणि पुसत होत्या.

माझ्या बुडातली ओल वाढत होती. चकतीच्या कडेला एक बारीक भेग पडली होती. मला ती आतून कळत होती, जशी एखादीला दुखायच्या आधी दाढ कळते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या फडकं धुवायला टाकून विसरल्या. माझ्या अंगाला हात लावला आणि तो हात सुटेना. अगदी क्षणभर. मग त्या मागच्या मागे फेकल्या गेल्या आणि फ्रिजवर आदळल्या. मी आडवी झाले, पाणी ओट्यावरून खाली वाहत गेलं. श्रीनिवासराव खोकत धावत आले. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग बायकोला उठवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

नंतर त्यांनी फडताळातून टेस्टर आणला, मला पुसून पुन्हा प्लगला लावलं आणि टेस्टरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं. आतला दिवा लागला. लाल, एवढासा.

"कधीपासून आहे हे?"

नंदाताई पदराने हात पुसत बसल्या.

"मी काय विचारतोय?"

"श्रावण लागला तेव्हापासून."

"वा. आणि सांगायचं कार्तिकात होतं का?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण माझी पिन त्यांनी हिसका मारून काढली. "तुझ्या देवाला सांग, मला बायको जिवंत लागते. नेमाची नसली तरी चालेल."

त्या उठल्या आणि मोबाइल घेतला. तरीही नेम सांभाळूनच लिहिलं, शब्द तोलून तोलून: 'सर्व मैत्रिणींना नमस्कार. किटली वापरताना कृपया पायात चप्पल असावी व हात कोरडे असावेत. पावसाळा आहे.' ना कोणाला दोष, ना वस्तूला.

नम्रताचं उत्तर लगेच आलं. "काकू, सॉरी, पण हे इनडायरेक्टली डीलला नाव ठेवणं झालं. इतक्या जणींनी घेतली, कोणाला प्रॉब्लेम नाही. प्लीज, निगेटिव्हिटी नको." कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आणखी कोणी लिहिलं, 'स्वस्तात घेऊन झालं की मग शंका येतात.' थोड्या वेळाने नंदाताईंचा मेसेजच तिथून नाहीसा झाला. त्यानंतर नम्रताने डब्यांच्या सेटची डील टाकली आणि खाली धन्यवादांची रांग लागली.

नंदाताई देवापुढे जाऊन बसल्या. मला ओट्यावरून देवघर दिसतं. त्यांनी सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि परत ठेवली. म्हणाल्या, "मी नाव ठेवायचं नाही म्हणाले होते, ते कोणाचं मन दुखू नये म्हणून. तू काय ते समजून घे." मग परत आल्या, मोबाइल माझ्या अंगाला टेकवला आणि बोलायला लागल्या. लिहिलं नाही. बोलल्या.

"बायांनो, ही किटली वाईट आहे. मी नाव ठेवतेय. मला हिने आज फेकून दिलं. ह्यांनी टेस्टर लावून बघितला, अंगात करंट आहे. तुम्हाला लागत नाही कारण तुमच्या पायात चपला आहेत. नम्रता, तुझा काही दोष नाही, तू चांगल्या मनानेच टाकलीस. पण कोणी ही लिंक बाहेर पाठवली असेल, नाव काढून पाठवली असेल, तर मला सांगू नका, कोणालाच सांगू नका. फक्त त्या माणसाला फोन करा. आत्ता करा."

नंतर मोबाइलवर काहीतरी आलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यांना ग्रुपमधून काढलं होतं.

"चला," श्रीनिवासराव म्हणाले, "आता माझ्याशी बोलायला वेळ मिळेल." त्या हसल्या नाहीत.

मग दारावरची बेल वाजली. शालू होती, मोबाइल हातात, चेहरा उतरलेला. "ताई, मी तिला सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, उगाच काय. आता लावतेय तर उचलत नाहीये."

तिने पुन्हा लावला, स्पीकरवर. घंटी वाजत राहिली. नंदाताईंनी तिचा हात धरला. मी ओट्यावर होते, वायर लोंबत होती, आणि मला माझी ती बहीण दिसत होती, मोरीशेजारी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या एका पोरीच्या हाताखाली. घंटी थांबली. शालूने परत लावला.

"काय गं मावशी, लेक्चरला होते नं."

शालू खाली फरशीवरच बसली. रडत रडत तिने विचारलं, "सोनू, ती किटली. हात नको लावू तिला. कुठे आहे ती?"

"किटली? ती तर मी केव्हाच विकली. करंट मारायची ना."

नंदाताई मोबाइलजवळ वाकल्या. "बाळ, मी नंदाताई, मावशीच्या समोरची. कोणाला विकलीस?"

"आमचा मुलींचा सेकंड हॅन्डचा ग्रुप आहे, काकू. तिथे टाकली होती. एक मुलगी आळंदी रोडला बसस्टॉपवर घेऊन गेली. नाव नाही माहीत. डीपीला फूल होतं."

"तिला सांगितलंस, करंट मारते म्हणून?"

"तसं कोण लिहितं, काकू? मग घेतली असती का कोणी?"

"अगं पण तिचा नंबर असेल. मेसेज असेल."

"वस्तू विकली की पोस्ट आणि चॅट डिलीट करायचं. ग्रुपचा रूलच आहे. नाहीतर लोक विचारत बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रता आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी एक बहीण होती. आत येताना तिने चपला दाराबाहेर काढल्या. म्हणाली, "काकू, काल तुमचा मेसेज ऐकून मला राग आला. मग तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी पाय ओले करून हिला हात लावला." ती नुसती उजव्या हाताची बोटं चोळत उभी राहिली. नंदाताईंनी तिला बसवलं, लाडू दिला. ग्रुपमध्ये तिने त्यांना परत घेतलं, रुपालीलाही घेतलं. रुपाली आली ती आपली किटली घेऊनच, आणि मी ऐकलं, ती आणि नम्रता लिफ्टपर्यंत बोलत गेल्या.

मग एकेक करत सगळ्या आल्या. श्रीनिवासरावांनी पक्कड घेऊन आमच्या वायरी कापल्या, म्हणजे भंगारातून उचलून कोणी पुन्हा वापरायला नको. माझी कापली तेव्हा मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. बाकीच्या भंगारात गेल्या, मला मात्र नंदाताईंनी मोबाइल टेकवायला ओट्यावरच ठेवलं. नंदाताई आता पातेल्यात काढा करतात. पायात चप्पल नाही, तो नेम चालू आहे. दुसरा मोडला तो मोडलाच, त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या रोज एक काम करतात. सोनूने दिलेल्या ग्रुपवर, आणि मुलींच्या दुसऱ्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर, एकीकडून दुसरीकडे विनवण्या करत तोच मेसेज पाठवत राहतात. नम्रता तो पुढे धाडते, शालू धाडते. कुठे 'हा विक्रीचा ग्रुप आहे, इतर मेसेज नकोत' म्हणून पुसला जातो. कुठे कोणी अंगठा दाखवतं. फुलाचं चित्र असलेल्या मुली खूप आहेत. ती अजून सापडलेली नाही.

नंदाताईंना वाटतं, ती सापडेल. त्या रोज तसं देवाला सांगतात, आणि त्यांचं ऐकून मलाही कधी कधी तसं वाटतं. पण मला माझ्या बहिणीचं पोट ठाऊक आहे. भेग थांबत नाही, ती वाढत जाते.

म्हणून ज्या मुलीने आळंदी रोडच्या बसस्टॉपवर स्वस्तात एक किटली घेतली, तिच्यासाठी मी हे सांगते आहे. तुझी किटली छान उकळत असेल. तिच्यावर रुसावं असं तिने काही केलं नसेल. बाळ, तिच्या झाकणाच्या कडेने निळी रेघ आहे का बघ. हात नको लावू, नुसतं बघ. असली तर आधी बटण बंद कर. मग पिन काढ. आणि मग खुशाल तिला नावं ठेव, मोठ्याने, चारचौघींत, तुझ्या खोलीतल्या सगळ्या पोरींना ऐकू जातील अशी.